वहिनीची पुडी

तराइविनी कुणाला भिणारी बाई नव्हती. सुवा शहरातल्या शिवणकारखान्यात मुकादमाला "जमत असेल तर तूच शिव" असं तोंडावर सुनावणारी ती. पण त्या शनिवारी दारात भावाची बायको विलिसी दिसली आणि तिला दार लावून घ्यावंसं वाटलं.

विलिसी डोंगरातल्या गावाहून पहिल्या बसने आली होती. कडेवर धाकटी लेक लोसाना, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कुटून पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची पुडी. पुडी घेऊन कुणी उगाच येत नाही. ती समोर ठेवून नातलगाने काही मागितलं, की नाही म्हणायची सोय नाही. आमच्याकडे होड्या जातात, डुकरं जातात, ती अशीच.

आणि मुलंही! विलिसीची थोरली मिलिका तान्ही असताना तराइविनीनेच अशी पुडी ठेवून तिला मागून आणलं होतं. स्वतःला मूलबाळ नव्हतं. कागद नाही, सही नाही. पोर तिच्याच कुशीत वाढली.

मग महागाईने कंबरडं मोडलं. पीठ, गॅस, डब्यातली मासळी, सगळ्याचे भाव भडकले. सरकारने जाहीर केलं, की गरिबाघरच्या दर शाळकरी मुलामागे मदत मिळेल, थेट फोनवर. तराइविनीने विलिसीकडून मिलिकाचा जन्मदाखला आणला, नाव नोंदवलं, पैसे आले. भाडं भागलं, पोरीला बूट आले. गावाकडे विलिसी काय शिजवते, हे विचारायचं मात्र राहून गेलं. राहून कसलं गेलं, टाळलंच म्हणा ना!

आता सोमवारपासून नवी नोंदणी होती. पोर जिच्या घरी, मदत तिच्या हाती. म्हणजे ही बया मिलिकाला न्यायला आली, दुसरं काय?

"ये गं. किती वाळलीस!"

"पिठाचे भाव ऐकले की भूकच मरते, वन्सं. फार स्वस्तातलं औषध आहे," विलिसी हसली. लोसाना उकडलेला कसाव्याचा कंद दोन्ही हातांनी तोंडात कोंबत होती. मिलिकाने तिला आत नेलं. विलिसीही पाठोपाठ जाऊन मिलिकाशी काही कुजबुजून आली.

विलिसीने घसा खाकरला. "वन्सं, एक मागणं घेऊन आलेय." तिचा हात पिशवीकडे गेला.

एकदा का ती पुडी चटईवर आली, की संपलं. तराइविनीने झडप घालून फळीवरचा दाखला काढला, पुडीसारखा विलिसीपुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाली, "थांब! आधी माझं मागणं ऐक. हा दाखला घे. इथून पुढचे सगळे पैसे तूच घे. पण ती पुडी बाहेर काढू नकोस."

विलिसीचा हात पिशवीतच राहिला. मग तिने तो रिकामाच बाहेर काढला. मागणं तर मागणं, तिलाही मोडता येईना.

"बरं, वन्सं," ती म्हणाली. दाखल्याला तिने हातही लावला नाही. लोसानाला उचललं आणि गेली.

तराइविनी भिंतीला टेकून बसली. वाचले बाई, एकदाची वाचले! तेवढ्यात मिलिका एक छोटं गाठोडं घेऊन आली.

"आई, लोसानाचे कपडे राहिले. गावची आई म्हणत होती, घरात खायला नाही, आता लोसाना इथेच माझ्याशेजारी झोपणार. मग परत का नेलं गं?"

तराइविनी अनवाणीच धावली. थांब्यावर बस घुरघुरत होती. बिनकाचेच्या खिडकीला धरून ती ओरडली, "विलिसी! माझी मती मारली गेली होती गं. माझं मागणं परत घेते!"

"असं परत घेता येतं का कधी, वन्सं?" विलिसीचे डोळे सुजले होते.

"मग नवं मागते. काढ ती पुडी. ठेव माझ्या हातावर."

बसमधली माणसं खिडकीकडे वळली. चालकाने इंजिन बंद केलं. विलिसीने पिशवीत हात घातलाच नाही. तिने आधी लोसानाला खिडकीतून बाहेर दिलं.