लाखोळीचं पाणी

भिजलेल्या लाखोळीच्या डाळीचा कच्चट वास आला की मला तेलीबांध्याचा तो दवाखाना आठवतो. राज्य नवं झालेलं, राजधानीचे रस्ते जागोजागी खोदलेले, तिथं पोचेपर्यंत आईच्या मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. मी तेव्हा प्रयोगशाळेत लाखोळीतलं एक प्रथिन तपासत होते. घरी सोपं करून सांगितलं होतं, ‘ते रक्ताच्या गुठळीला धरतं.’ बाबांना वाटलं, चोराला धरून नेतात तसं. ते हळूच म्हणाले, "सकाळी लाखोळीचं पाणी पाजलं मी तिले. सुटन ना गुठळी आता?" मी किंचाळले, "बाबा, ते गुठळी सुटूच नाही देत!" आई संध्याकाळी गेली. दोन चमचे पाण्यानं काही होत नसतं, हे मी त्यांना अजून सांगते. त्यांना माझी ती किंकाळीच खरी वाटते.