मी सुम्मने मान हलवली

मी तत्त्वाची मुलगी आहे, हे मी गल्लीतल्या सर्वांना छापून कळवलेलं आहे.

छापणं आमच्या रक्तातच आहे. आजोबांपर्यंत आम्ही म्हैसूरचे मराठी रंगारी. साड्या रंगवायच्या, त्यांवर ठसे उमटवायचे. अप्पांनी पुढे स्क्रीन-प्रिंटिंग सुरू केलं. पोटासाठी लग्नपत्रिका आणि आत्म्यासाठी पत्रकं. (फरक एवढाच, की आजोबांच्या साड्या खपायच्या आणि अप्पांची पत्रकं वाटावी लागतात!) इतर मुलं राजाराणीच्या गोष्टी ऐकत झोपायची, मी ‘नळ बंद करा, देश वाचवा’ ऐकत झोपायचे. त्यांच्या स्वप्नात राक्षस यायचा, माझ्या स्वप्नात प्लास्टिकची पिशवी.

तर या वर्षी मी माझं पहिलं स्वतंत्र पत्रक काढलं. ‘भोंगा उतरवा, माणूस व्हा!’ एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. मजकूर माझा, शाई अप्पांची. शेवटचं वाक्य ठळक अक्षरात होतं: ‘कानात बोळे घालणे हा उपाय नव्हे, ती शरणागती आहे!’ ते वाचून अप्पांनी दोनदा चष्मा पुसला आणि आईला म्हणाले, “पोरगी माझ्यावर गेली.” आई म्हणाली, “ते दिसतंच आहे,” आणि भाजी चिरत राहिली.

पत्रकाचा परिणामही झाला! म्हैसूरच्या वेशीवरच्या आमच्या बोगादीच्या गल्लीत रामनवमीला पानक म्हणजे गुळाचं सरबत, ताक आणि कोशिंबीर वाटतात, आणि दिवसभर कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवरून भोंगा गर्जतो. त्या घराच्या मालकांनी पत्रक वाचून सांगून टाकलं, “यंदा आमच्या गच्चीवर भोंगा नको.” मी तीन दिवस जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते.

चौथ्या दिवशी मला कानात घालायला बोळे हवेसे वाटू लागले.

दोष सिटी बसचा. नोकरीसाठी मी रोज बोगादीहून शहरात जाते. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून नव्हे, हात टाकून बसलेला. कंडक्टरची शिट्टी, आणि शिट्टीला उसंत मिळाली की त्याचं “मुंदे होगी, मुंदे होगी!” (पुढे जायला जागा फक्त ड्रायव्हरच्या मांडीवर.) शेजारी कुणीतरी मोबाइलवर विनोद बघणार, विनोद एक आणि त्यावरचं हसणं साठ वेळा. मी एक दिवस बसमध्येही पत्रकं वाटली. लोकांनी ती घेतली आणि वारा घ्यायला वापरली.

“अण्णा,” मी माझ्या मोठ्या भावाला हळूच विचारलं, “ते बाहेरचा आवाज मारून टाकणारे इअरबड असतात ना, बिनवायरचे...”

“काय?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. (तिच्या कानाला कसल्याच यंत्राची गरज नाही.) “आता शरणागती बिनवायरची पण मिळते?”

“आई, हे बोळे नव्हेत! बोळे म्हणजे पराभव. हे तंत्रज्ञान आहे.”

अप्पांपुढे विषय गेला. त्यांनी माझं पत्रक पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “प्रवासापुरतं चालेल. पण निवड शास्त्रीय पद्धतीने व्हायला हवी. जाहिरातीवर आपला विश्वास नाही.”

अण्णाने ऑफिसातल्या मित्रांकडून एका रविवारापुरते तीन जोड उसने आणले. सुपारीच्या डबीएवढ्या तीन डब्या ओळीने मांडल्या. मी मध्यभागी खुर्चीत, डोळे मिटून. बाकीच्यांनी आवाज करायचा आणि ऐकू आला की मी हात वर करायचा, असं ठरलं.

पहिला जोड घातला तेव्हा सगळंच ऐकू आलं, वर त्याची स्वतःची शीळ! बाद. दुसरा जोड चांगला होता, मिक्सर पार गायब झाला. पण मान हलवली की टपकन खाली पडायचा. “वाद घालताना मला मान हलवावी लागते,” मी म्हटलं. “बाद!” (वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरू शकत नाही.) तिसरा जोड मात्र कानात असा रुतून बसला, की घराण्याचं नाव लावील. आईने मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी लावली, कुकरने शिट्टी केली, अण्णाने परात वाजवली, आणि अप्पा खुर्चीवर उभे राहून माझंच पत्रक तारस्वरात वाचू लागले. मी मिटल्या डोळ्यांनी चिरशांतीत! हात खाली. प्रसन्न होऊन डोळे उघडले तर समोर चौथं माणूस उभं होतं. तोंड हलत होतं. मी कानातलं एक बटण काढलं.

“...अय्यो, भोंगा परवडला गे तेजू! काय गलाटे हे! रस्त्यापर्यंत ऐकू येतंय!”

या गिरिजाक्का. पलीकडच्या घरात राहतात, रामनवमीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आमच्या आवाजाची तक्रार करायला आल्या होत्या. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं.

तरीही मी तिसऱ्याच जातीचा नवा जोड मागवला.

पुढचे दिवस स्वर्गीय गेले. बस हलायची, कंडक्टरचे गाल फुगायचे, आणि माझ्या कानात सद्विचार! एका सकाळी मी नागरिकांच्या हक्कांवरचं एक जळजळीत भाषण ऐकत होते. पुढच्या स्टॉपवर गिरिजाक्का चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मी हसले. त्याही हसल्या. माझे केस कानांवर आलेले, त्यामुळे बटणं दिसत नव्हती. आणि मीही, खोटं कशाला सांगू, ती दिसू दिली नाहीत. शरणागतीचं वाक्य शेवटी त्यांच्याही घरी वाटलेलं!

कानात वक्ते कडाडले, “गप्प बसणाऱ्याच्या डोक्यावर जग चढून बसतं, खरं की नाही?” मी मान हलवली.

“आपला हक्क दुसऱ्याच्या हाती देणार आहात का आपण? की स्वतः पुढे होणार?” मी जोरात मान हलवली.

“आणि वेळ आली तर उभं राहून बोलणार की नाही?” काय सांगू! मी इतकी मान हलवली, की दुसरा जोड असता तर खिडकीतून बाहेर गेला असता.

गिरिजाक्कांनी माझ्या हनुवटीला हात लावला, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि डोळे पुसत उतरून गेल्या. मला वाटलं, बाई किती प्रेमळ.

तीन दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर आमच्या घराला शिडी लावलेली. शिडीवर एक माणूस, माणसाच्या खांद्यावर भोंगा. खाली अप्पा, चेहरा कोऱ्या कागदासारखा. शेजारी गिरिजाक्का, पदर खोचून.

“हे काय चाललंय!” मी ओरडले. “उतरवा तो! हे तत्त्वाचं घर आहे!”

“काय गे, असं काय करतीस?” गिरिजाक्का म्हणाल्या. “तुझ्या त्या पत्रकामुळं कोपऱ्यावरच्यांनी नको म्हटलं. तर मी बसमध्ये तुलाच विचारलं नव्हे? तुमच्या गच्चीवर बांधू काय? तू मान हलवलीस. करंट तुमच्याकडनं घेऊ काय? मान हलवलीस. माइकवर तू बोलतीस काय? तर केवढी हलवलीस गे! चामुंडी बेट्टाच्या डोंगरावरला दगडी नंदी कधी हलला नाही, तू हललीस! मला तर रडूच आलं. म्हटलं, पोरगी बाहेरून कडक, आत लोणी.”

“गिरिजाक्का, ती मी... सुम्मने हलवली!”

हा ‘सुम्मने’ आमच्या म्हैसूरच्या मराठीचा लाडका शब्द. कन्नडातून आला आणि जावई होऊन राहिला. गप्प बस म्हणजे सुम्मने बस. आणि उगाच, कारण नसताना केलं, तेही सुम्मनेच. मी दोन्ही अर्थांनी हलवली होती.

“सुम्मने कोण मान हलवतंय?” गिरिजाक्कांचा आवाज पडला. “मी शंभर लोकांना सांगून बसले. परवावर रामनवमी आली. आता कुणाच्या गच्चीत जाऊ मी?”

अप्पा माझ्याकडे बघत होते. आमच्या घरात दोन नियम. छापलेला शब्द मागे घ्यायचा नाही. दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही. ते एकमेकांच्या अंगावर येतील, असं गेल्या दोन पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“बोललीस का हो म्हणून?” अप्पांनी विचारलं.

मी पर्समधून ती डबी काढली. तळहातावर ठेवली. “मला ऐकूच आलं नव्हतं, अप्पा. कानात ही बटणं होती. सांगायला लाज वाटली.”

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डबी उघडून पाहिली आणि परत माझ्या तळहातावर ठेवली. शिडीवरचा माणूस एका खांद्यावरून भोंगा दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, “स्वामी, बांधू की उतरू?”

“बांध,” अप्पा म्हणाले. “मान हलवली, म्हणजे शब्द दिला. आणि छापलंय, म्हणजे तोही पाळायचा. भोंगा लागेल, पण हळू लागेल. याचा कान पिळायला आमची तेजू बसेल शेजारी.”

रामनवमीला मी गच्चीवर, भोंग्याच्या बरोबर खाली, अॅम्प्लिफायरच्या बटणावर हात ठेवून बसले. बटण दोनवर. अप्पांनी खालून अंगठा दाखवला. सगळं कसं संयत, सुसंस्कृत चाललं होतं. फक्त भोंगा डोक्यावरच असल्यामुळे मला त्रास होऊ लागला, म्हणून मी डबीतली बटणं कानात घातली. (त्रास मला होत होता. तत्त्व इतरांसाठी होतं.)

खाली गर्दी वाढली. पानकाची रांग ताकाच्या रांगेत शिरली. एका आजोबांच्या कोशिंबिरीत ताक पडलं. मी माइक घेतला, “कृपया रांगेत उभे रहा!” माझंच मला नीट ऐकू आलं नाही. मशीन कमी पडतंय, म्हणून बटण चारवर. “शांतता राखा!” अजूनही लांबून आल्यासारखं. सहावर. खालच्या लोकांनी दोन्ही हात कानांवर नेले. मला वाटलं, भक्तीने कान धरतायत. पद्धत नवी आहे, पण छान आहे. त्यांचा उत्साह बघून मी बटण शेवटपर्यंत नेलं आणि सर्व शक्तीनिशी गर्जले, “शांतता हा आपला हक्क आहे!”

कबुतरं उडाली. ताकाचं पातेलं धरलेल्या गिरिजाक्का पातेल्यासकट खाली बसल्या.

जिना चढून धापा टाकत अप्पा आले. खिशातून माझं पत्रक काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि ठळक वाक्यावर बोट ठेवलं. मी कानातली बटणं काढली. तेव्हा कुठे मला ऐकू आलं, समोरच्या इमारतीवरून परत येत होता माझाच आवाज, “...हक्क आहे... आहे... आहे...”

मला रडू फुटणार, तेवढ्यात अप्पांचे खांदे हलताना दिसले. ते हसत होते. इतकं हसले की चष्मा काढावा लागला. मग त्यांनी भोंग्याचा कान पिळून दोनवर आणला आणि माझ्या शेजारी बसकण मारली. “हं, बोल आता. माणसासारखं.”

खालून गिरिजाक्का ओरडल्या, “तेजू, आता बरं आहे गे! पानक वर पाठवू काय?” या वेळी मी मान हलवली नाही. तोंडाने “हो” म्हटलं.

छापलेला शब्द मागे घेता येत नाही, पण शुद्धिपत्र काढता येतं. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी काढलं, आणि मी घरोघर वाटलं: ‘शेवटचे वाक्य असे वाचावे: कानात बोळे घालून भोंगा हाती घेऊ नये.’

मी आता बसमध्ये उघड्या कानांनी जाते. बटणं वाया गेलेली नाहीत. ती आईने घेतली. संध्याकाळी मी घरी येऊन एखाद्या सामाजिक प्रश्नावर बोलायला लागले, की ती शांतपणे डबी उघडते आणि “सुम्मने” एवढंच म्हणते. मी गप्प बसावं म्हणून म्हणते, की मी उगाच बोलते म्हणून, हे मी तिला दोनदा विचारलं. तिला ऐकू आलं नाही. तिने मान मात्र हलवली.