खरं निघालेलं औषध

बाटली उजेडात धरायची, हलवायची, हुंगायची आणि म्हणायचं, "यामा काहीतरी काळंबेरं शे." साठ सालाच्या आगेमागे मी अक्कलकुव्याच्या दवाखान्यात केसपेपर लिहीत होतो, तेव्हा आमच्या कंपाउंडर आबांचा दिवस असा सुरू व्हायचा.

औषधांची पेटी आली की तिचं सील कुणीतरी आधीच फोडलंय, असं त्यांना वाटे. मिक्श्चरच्या बाटलीवर डोस मोजायची खाचांची कागदी पट्टी सगळेच कंपाउंडर चिकटवत. आबा मागच्या बाजूला पेन्सिलीने एक चोररेघही मारत, आपल्या माघारी कुणी हात मारला तर कळावं म्हणून. असा एखादा माणूस तुमच्याही माहितीत असेल. आम्ही हसायचो.

मग त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातापायांना झटके येऊ लागले. दोन महिन्यांत त्या चूल पेटवायची विसरल्या, पुढे आबांचा चेहरा. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूची चाळण करणारा दुर्मिळ आजार दिसतोय, यावर जगात औषध नाही.

"जगमा नही, आसं व्हई का?" आबा परत येऊन म्हणाले. "मोठा लोकेससाठे दपाडी ठेयेल शे." औषध आहे, पण लपवून ठेवलंय, अशी त्यांची खात्री.

निदान झटके कमी व्हावेत म्हणून आमच्या डॉक्टरांनी झोपेचं मिक्श्चर दिलं. याने आजार जाणार नाही, हेही सांगितलं. आबांनी तेवढंच ऐकलं नाही. झटके थांबेनात, तेव्हा सगळ्या रांगेसमोर त्यांनी मला विचारलं, "तू पानी टाकेल शे ना?"

मला फार लागलं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

एका दुपारी काकूंचा डोस आबांनी स्वतःच घेतला. औषध तपासायचा दुसरा मार्ग त्या गावात होता कुठे? भिंतीला टेकून ते स्टुलावरच घोरू लागले. रांग कंटाळून पांगली. चार तासांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"औषध खरं शे, भाऊ," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

औषध खोटं आहे तोवर खरं कुठेतरी असेल, एवढ्याच आशेवर हा माणूस उभा होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आबा, पाणी मीच टाकत होतो," मी खोटंच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. डोळे पुसले. "नही रे. तू तसा नही शे."

काकू त्याच महिन्यात गेल्या. आबा आपल्या गावी, कोरीटला गेले, ते पुन्हा दवाखान्यात दिसले नाहीत. माझ्यावर त्यांनी विश्वास टाकला तो तेवढा एकदाच, नको होता तेव्हा.