यंत्राच्या नावावर खपवलेली चाल

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, आणि त्याच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. चार वर्षं ती माझ्यापाशीच आहे. आज सांगते. सरळ सांगायचा प्रयत्न करते, कारण आडवळणं घ्यायला मी चांगलीच शिकले आहे.

मी नागावला राहते. अलिबागच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात मॉड्युलर सिंथेसायझर वाजवते. वाजवते म्हणजे — जोडते. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नसतात. नुसत्या बटणांच्या फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत वायरी. त्यातला सिक्वेन्सर नावाचा भाग ओळीने सूर सोडत जातो. ते सूर आपण बसवून देऊ शकतो, नाहीतर एक बटण फिरवून त्याला मोकळं सोडू शकतो. मग तो मनाला येईल तो सूर उचलतो, आणि क्वचित — फार क्वचित — त्यातून चाल जन्मते. या कामात मी तरबेज आहे. खोटा विनय कशाला? तरबेज होते म्हणूनच तर कुणाला शंका आली नाही.

शेजारी हिराकाकी राहायच्या. त्या धवलारीण होत्या, म्हणजे आगरी लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडणाऱ्या. वही नाही, पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. दुपारी आमच्या पडवीत वाल सोलायला येऊन बसायच्या आणि सोलता सोलता गुणगुणायच्या.

त्या सुमारास मुंबईच्या एका छोट्या सभागृहात मला कार्यक्रम मिळाला होता. मी ऐटीत सांगून बसले होते की सगळं संगीत यंत्र जागच्या जागी, आपोआप रचेल. माणसाचा हात लागणार नाही. आणि यंत्र महिनाभर नुसतं बरळत होतं. जमत नाही म्हणून सांगायला काय हरकत होती? पण — नाही सांगितलं. एका दुपारी काकी गुणगुणत होत्या. सोळा सुरांची ओळ, शेवटी थांबेल असं वाटतं तिथे न थांबता अलगद एक पायरी खाली उतरणारी. मी आत गेले आणि ते सोळा सूर एकेक करून सिक्वेन्सरमध्ये बसवले. पाच मिनिटांचं काम.

मांडव्याहून लाँचने यंत्र नेलं. कार्यक्रम रंगला. यंत्राला हे सुचतं तरी कसं, असं लोक विचारत राहिले. मी हसले. व्हिडिओ फिरला, आणि फिरत फिरत काकींच्या सुनेच्या, संगीताच्या, फोनवर आला.

दुसऱ्याच दिवशी काकी आल्या. रागावून नाही, उलट खुशीत.

“बाय, ती माजी चाल हाय ना गो?”

‘हो काकी, तुमचीच.’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी ते गावभर सांगितलं असतं, आणि माझं यंत्र मुकं ठरलं असतं. मी म्हटलं, “नाही काकी. मशीनची आहे ती.”

तेवढ्यावर थांबले असते तर — खोटं बोलले असते, इतकंच. मी थांबले नाही. त्यांना आत नेलं, यंत्रासमोर बसवलं, बटण फिरवून ते मोकळं सोडलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. सूर आपोआप पडत होते. “बघा, कुणाचा हात आहे का?” मी विचारलं. मग त्यांचं लक्ष नसताना मी साठवलेली ओळ सुरू केली, जणू तीही तशीच पडली. मी शिक्षिका आहे. पटवून कसं द्यायचं ते मला येतं.

काकींनी एका वायरीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हंजे माजाच डोका फिरला. मना आता कायपन माजा वाटतं.”

वैशाखात एका हळदीला त्या मधेच थांबल्या. ही चाल आपली की कुठली, मना कलत नाय, असं म्हणून मांडवातून उठून आल्या. त्यानंतर त्यांनी कुठलंच आवतण घेतलं नाही. संगीताला धवले शिकायचे होते, तिने वहीसुद्धा आणली होती. “माजा मनाच भरवसा नाय, तुना काय शिकवू?” — हे मी कुंपणाच्या अलीकडून ऐकलं. मधे चार पावलांचं अंतर होतं. ती चार पावलं मी टाकली नाहीत.

गेल्या वर्षी काकी गेल्या. वही कोरीच राहिली.

मागच्या महिन्यात संगीता आली. “ताई, तुमच्या मशीनची ती चाल ऐकवा ना. अगदी आमच्या आयेच्या चालीसारखी हाय.” मी ऐकवली. तिने डोळे पुसले. म्हणाली, “काय योगायोग असतो ना!”

“हो ना,” मी म्हटलं. चटकन, न अडखळता.

योगायोग नव्हता. ते सूर हिराकाकींचे होते. मी ते घेतले, आणि घेतले हे कळू नये म्हणून एका गाणाऱ्या बाईचा तिच्या कानांवरचा विश्वास मोडला — पूर्ण शुद्धीत, तिला खुर्ची देऊन, समोर बसवून.