रुसलेला तवा

"बाई, आज तव्याले सुट्टी. आना इकडं."

नागपंचमीच्या सकाळी समोरचे काका पोतं घेऊन दारात उभे राहत. त्या दिवशी आपल्याकडे तवा चुलीवर चढत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आदिलाबादच्या आमच्या गल्लीतले सगळे बिडाचे तवे मग काकांच्या ओट्यावर जमत.

काका तहसीलीतले निवृत्त कारकून. फायलीला बांधावी तशी प्रत्येक तव्याला चिठ्ठी बांधत. विटेच्या चुऱ्याने गंज काढायचा आणि दुसऱ्या दिवशी जवसाचं तेल चोळून तवा धूर निघेस्तोवर तापवायचा. पुसायचा, पुन्हा तेल, पुन्हा जाळ. तोवर गल्ली खिचडी खाऊन कुरकुरत बसे. तवा परत देताना काका बजावत, "साबन लावू नोका. माह्यासारखं करू नोका."

काकू गेल्या तेव्हा सुतकात तवा तसाच पडून होता. दहाव्याला भांडी घासताना काकांनी तोही साबण लावून तारेच्या घासणीने लखलखीत केला. तिची वस्तू स्वच्छ असावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. काकूंच्या हाताखाली तीस वर्षं मुरलेला काळा थर नालीत वाहून गेला. सकाळी तव्यावर गंज होता.

तेव्हापासून ते हे काम शिकले. साऱ्या गल्लीचे तवे सुधारले, तेवढा काकूंचा नाही. मुलगा हैदराबादला, घरात बोलायला कोणी नाही. दर रविवारी काका काकूंचा तवा घेऊन माझ्याकडे येत.

"टाकून पाहा बरं एक."

मी ज्वारीची भाकरी टाकायची. ती मधोमध हमखास चिकटायची.

"अजून रुसून हाय," म्हणत काका तुटकी भाकरी खात. मग घरी जाऊन तवा खरवडत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. इतरांच्या तव्याला धीर, याला नाही! शेवटी एका रविवारी मी चिडले.

"काका, आठ दिवस हा माझ्याकडे राहू द्या. खरवडायचा नाही."

"साबन..."

"नाही लावत."

रिकाम्या हातांनी ते घरी गेले. मी रोज तेल लावून तवा तापवत राहिले. शुक्रवारी काका झोपेतच गेले. शेवटचे दिवस मी त्यांच्याजवळ तो तवाही ठेवला नाही, हे अजून सलतं.

मी त्यांच्या नात्यातली नव्हे, तरी दहा दिवस घरात तवा चढवला नाही. अकराव्या दिवशी काकूंच्या तव्यावर भाकरी टाकली. फुगली, अख्खी निघाली. तशीच हातावर घेऊन मी दार उघडलं.

समोर कुलूप होतं.