नळाला हवा येते

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. आई आमच्या मोहने गावात दारोदार आंदोलनाची पत्रकं वाटायची, तेव्हा मी तिच्या कडेवर असायचे. त्यामुळे आमच्या आळीचं पाणी आटलं तेव्हा पत्रक मीच लिहिलं आणि तक्रारी नोंदवायला ‘पाणी हक्क’ नावाची वेबसाइट बनवली. पुढच्या महिन्यात पालिकेत सुनावणी होती. तोवर तक्रारी जमल्या नाहीत तर ‘पुरवठा सुरळीत’ असा शेरा मारून फाईल बंद होणार होती.

पत्रकाखाली वेबसाइटचा पत्ता ठळक छापला, तरी तक्रारी येईनात. मग शेजारच्या काकू भेटल्या.

"अगं, तुमच्या आंदोलनवाल्यांचा फोन आलेला. डेमोला कधी येऊ विचारत होते."

"कसला डेमो?"

"फिल्टरचा!"

काकू वीजबिल, रेल्वेचं रिझर्वेशन, रोजचं राशिभविष्य, सगळं सर्चमधूनच उघडतात. इथेही त्यांनी सर्चमध्ये ‘पाणी’ टाकून सगळ्यात वरची, फिल्टरची जाहिरात दाबून तिथेच तक्रार आणि फोन नंबर भरलेला. निम्म्या आळीने तेच केलेलं. माझं डोकं फिरलं. पत्ता हातात असताना मधल्या दलालाला विचारायचंच कशाला? घरी येऊन मी नवं पत्रक खरडलं: ‘सर्चवर बहिष्कार!’

आईने ते वाचलं. "झकास. पण रिक्षात बसल्यावर तू पिनकोड सांगतेस का गं?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"नाका सांगतेस ना? मग लोकांनाही नाका दे. पाणी काय, सगळेच विकतात. आपल्या नळाला काय येतं?"

"हवा."

"ती अजून कुणी विकत नाही."

माझं तत्त्व रात्रभर फणफणलं. सकाळी मी वेबसाइटचं नाव बदललं आणि पत्रकावरही तेच छापलं: ‘नळाला हवा येते’. थोड्याच दिवसांत हे शब्द सर्चमध्ये टाकले की आम्हीच सगळ्यात वर दिसायला लागलो. तक्रारींना मात्र चांगलं प्रेशर होतं.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "कुठे आहेत तक्रारी?"

मी भाषणाचा कागद घेऊन उभी राहिले आणि आधी पत्त्याचं एकेक अक्षर सांगू लागले. मागून काकू ओरडल्या, "साहेब, सर्चला टाका, नळाला हवा येते!"

साहेबांनी टाकलं. वाचता वाचता त्यांना हसू आवरेना. कुणीतरी लिहिलेलं, ‘हवेचं बिल मात्र वेळेवर येतं.’ फाईल बंद झाली नाही. पाइपलाइन तपासायच्या आदेशावर त्यांनी तिथेच सही केली.

बाहेर आल्यावर काकू हळहळल्या, "तुझं भाषण राहिलंच गं!"