सोयाबीनवरून चाललेला स्केटबोर्ड

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भूत-भानामती थोतांड आहे, हे सांगत तालुकाभर भाषणं ठोकली आहेत. म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते...

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात रस्त्याला लागून आमचा रिकामा प्लॉट आहे. माझी मुलगी श्वेता पुण्याहून स्केटबोर्ड शिकून आली आणि गावातल्या पोरापोरींना जमवून तिने तिथे सिमेंटचा स्केटपार्क बांधला. पार्क म्हणजे कढईसारखा भलामोठा खड्डा. दसऱ्याला नारळ फुटला. पोरं कोपरं फोडून घेत आणि वर हसत.

तेवढ्यात सोयाबीन निघालं. शेजारच्या कमलाकाकू आल्या. "सर, जागा कशी गुळगुळीत हाय! दोन दिवस सोयाबीन वाळू घालू द्या."

श्वेताला न विचारताच मी हो म्हणालो. मग बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? खड्डा भरला. दुसऱ्याच्या वाळवणाला हात लावायचा नाही, ही गावची रीत. श्वेताने माझ्याशी बोलणं सोडलं.

एका भर दुपारी वारा अजिबात नव्हता. काठावर आडवा ठेवलेला श्वेताचा बोर्ड आपोआप वळला... आणि सुटला! सोयाबीनमधून थेट समोरच्या काठापर्यंत, मग परत, मग पुन्हा. खरं तर चाकं दाण्यांत रुतायला हवीत. वेग तरी कमी व्हायला हवा — नाही! उलट दर खेपेला थोडा बाजूला सरकून तो दाणे खालीवर करत होता, बाया पाय ओढत चालून करतात तसे.

"चालू द्या, सर," कमलाकाकू खूश. "महे गुडघे दुखूनच राह्यले होते."

"अवं, पण चालवून कोन राह्यलं?" त्यांचे यजमान ओरडले.

संध्याकाळपर्यंत सगळं सोयाबीन पोत्यांत. खड्डा मोकळा झाला, पण आता पोरांना कोणी पाठवेना. "बुजवा तो खड्डा!" सगळ्यांचं एकच.

श्वेताने सगळ्यांसमोर बोर्ड माझ्या पायाशी ठेवला. "बाबा, तुम्ही मानत नाही ना? उभे राहा याच्यावर. मग येतील पोरं."

मी एक पाय ठेवला. फळी चपलेतूनही कोमट लागली... उन्हानेच असेल.

"भेव लागते का, सर?" कमलाकाकूंनी हळूच विचारलं.

"चप्पल निसटते," मी म्हणालो आणि पाय काढून घेतला.

दिवाळीआधी खड्डा बुजला.

उतार, ऊन, रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा... सगळं तपासून पाहिलं. बोर्ड कसा चालला, ते मला आजही सांगता येत नाही. श्वेताला ते जाणून घ्यायचंही नाही. ती एवढंच विचारते, "बाबा, दुसरा पाय काऊन नाही उचलला?"